शिवलेलं कापायचं नसतं

घाट सुरू झाला तेव्हा इतकं लख्ख ऊन होतं की आत्यांनी डोळ्यांवर येतंय म्हणून खिडकीला टॉवेल लावून घेतला. तिसऱ्या वळणावर धुकं आलं आणि टॉवेल निघाला. बोगद्यातून बाहेर पडतात तर पलीकडे धो धो पाऊस, आणि पुलावर पोचेपर्यंत पुन्हा ऊन. आत्यांनी टॉवेलाची घडी करून मांडीवर ठेवली आणि हवामानखात्याला म्हणाल्या, “एकदा काय ते ठरवा बाबा.”

हवामानखातं स्टिअरिंगवर बसलं होतं. घरातला धाकटा मुलगा वेधशाळेत लागला त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तरी ताडपत्र्या आणि तंबू शिवणाऱ्या घरात जन्मून त्याने हवेचे अंदाज सांगायची नोकरी धरावी, हा घरच्यांना अजूनही थोडा विनोदच वाटायचा. त्याने छत्री घ्या म्हटलं की आत्या मुद्दाम गॉगल काढायच्या. तो बिचारा हसण्यावारी न्यायचा. आज सकाळी निघतानाच त्याने सांगितलं होतं की दुपारनंतर तळ्यावरून जोराचा वारा येणार आहे, शक्यतो खाली गावातच मुक्काम करू. त्यावर त्याचे वडील, अण्णा, म्हणाले, तळ्यावर जायचं ठरलंय ना, मग तळ्यावर जायचं. अण्णा बोलले की त्या घरात विषय संपायचा.

हे मोटरहोमही धाकट्याचंच. गेल्या वर्षी त्याने ते जुनं विकत घेतलं. आत ओटा, शेगडी, झोपायला पाच बाक आणि टपाला उजेडासाठी एक चौकोनी खिडकी. आत्या त्याला चाकांवरचं बिऱ्हाड म्हणत, पण सगळ्यात चांगला बाक पहिल्या दिवशी त्यांनीच पटकावला होता. गाडीच्या बाजूला बाहेर सावलीसाठी ताणायचं मूळचं गुंडाळायचं छत फाटलेलं होतं. बाजारातून नवीन आणतो, असं धाकट्याच्या तोंडून निघालं मात्र, अण्णा कित्येक दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. मग सगळा हिवाळा खपून त्यांनी स्वतः छत शिवलं. सगळीकडे दुहेरी टीप, काठाला चामड्याची पट्टी, आणि टपाजवळच्या दांडीत ओवून बांधायला आतून तार घातलेला दोर. गुंडाळायची सोय मुद्दामच ठेवली नाही. गुंडाळतात ते दुकानदारांचं, आपलं बांधतात, असं त्यांचं म्हणणं.

अण्णांनी तळ्याचा हट्ट का धरलाय, हे गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. निघायच्या आधी एकदा जेवताना ते म्हणाले होते, की तळ्यावर गेलो की कारखान्याचं पुढे काय करायचं ते मी सांगून टाकणार आहे. खरं म्हणजे सांगण्यासारखं त्यात काही नव्हतंच. कारखाना थोरल्याला द्यायचा, हे तो पाळण्यात होता तेव्हापासूनच ठरलेलं. अण्णांना ते फक्त समारंभाने सांगायचं होतं, आपल्या हातच्या छताखाली बसून, चहा पिता पिता. माणसाला आयुष्यात एखादा तरी समारंभ हवासा वाटतो, त्यात काही गैर नाही.

गोची एवढीच होती की थोरल्याला कारखाना नको होता.

हे त्याने फक्त बायकोला सांगितलं होतं. एका तांत्रिक विद्यालयात शिवणयंत्राचं काम शिकवायची जागा त्याला मिळत होती. यंत्रावर वाकून वाकून त्याची पाठ कामातून गेली होती, आणि अण्णांच्या नजरेखाली टीप मारण्याचा त्याला आता मनापासून कंटाळा आला होता. थोरली सून त्याच्या पाठीला तेल चोळत सगळं ऐकत होती. तिला पटतही होतं. शेवटी तिने विचारलं, मग कारखान्याचं काय? तो म्हणाला, बंद होईल, नाहीतर अण्णा दुसऱ्या कुणाला तरी देतील. आणि वर, तिला बरं वाटावं म्हणून, “तुझीही सुटका होईल.”

सुटका हा शब्द तेव्हापासून तिच्या डोक्यात जो ठाण मांडून बसला होता, तो उठायचं नाव घेत नव्हता. लग्न होऊन ती या घरात आली आणि वर्षभरात कारखान्यातल्या कापायच्या टेबलाशी उभी राहिली, ती आजतागायत. सकाळी शटर वर गेलं की कोऱ्या कॅनव्हासचा, मेणाचा आणि यंत्राच्या तेलाचा वास अंगावर यायचा. तागा सोडायचा, तळहाताने सपाट करायचा, मापायचं, पुन्हा मापायचं, खडूची रेघ मारायची आणि मग कात्री. तो पहिला चर्र आवाज झाला की तिचा दिवस सुरू व्हायचा. दुकानांची छतं, ट्रकची झाकणं, शाळेच्या मैदानावरचा मोठा तंबू. शहरातल्या कितीतरी लोकांच्या डोक्यावर तिने कापलेलं कापड होतं, आणि रस्त्याने जाताना ती मान वर करून ते बघायची. आवडीने जेवत असताना समोरचं ताट कुणी दया येऊन उचलून न्यावं, तसं तिला त्या रात्री झालं होतं.

नवऱ्यावर चिडावं तर तो वाईट माणूस नव्हता. तिचे पाय भरून येतात म्हणून टेबलाखाली जाड रबराचा पट्टा त्यानेच आणून टाकला होता. फक्त तिला काय हवंय हे विचारायचं त्याला कधी सुचलं नाही. ते आपल्याला कळतंच, अशी त्याची खात्री होती.

आणि अण्णांनी विचारायचा तर प्रश्नच नव्हता, कारण अण्णा तिच्याशी बोलतच नसत. म्हणजे भांडण नव्हतं, रागही नव्हता. फक्त तिला जे सांगायचं ते थोरल्याला सांगायचं, ही त्यांची पद्धत. “तिला सांग, काठाला चार बोटं जास्त सोड.” ती समोर टेबलापलीकडे कात्री घेऊन उभी असली तरी. सुरुवातीला तिला राग यायचा, मग हसू यायला लागलं, आणि अलीकडे पुन्हा राग यायला लागला होता.

घाटमाथ्यावर थांबले तेव्हा वारा पडलेला आणि आकाश निळंशार होतं. अण्णा आणि थोरला टायरची हवा बघत होते. धाकटा कठड्याशी उभा राहून तळ्यामागच्या डोंगरावरच्या ढगाकडे बघत होता. थोरली त्याच्याजवळ गेली. तिने त्याला नवऱ्याचं सगळं सांगून टाकलं आणि म्हणाली, अण्णांना आधी थोडी कल्पना दे, नाहीतर सगळ्यांसमोर भडका उडेल.

“वहिनी, माझं ऐकून त्यांनी आजवर काही केलंय का?” धाकटा म्हणाला. “मी पाऊस म्हटलं की ते कपडे वाळत घालायला सांगतात.” मग ढगावरची नजर काढून त्याने तिच्याकडे पाहिलं. “पण तुला काय हवंय?”

प्रश्न साधा होता. उत्तराचं मात्र तिचं तिलाच नवल वाटलं.

“मला कारखाना हवाय,” ती म्हणाली.

धाकट्याने शीळ घातली नाही की भुवया उडवल्या नाहीत. मग हे अण्णांना सांग, एवढंच म्हणाला. ती म्हणाली, ते विचारतील तेव्हा सांगेन ना. मी आपण होऊन सांगितलं तर सुनेने कारखाना मागितला असं होईल, आणि मागून घेतलेल्या टेबलाशी मला उभं राहायचं नाही.  धाकट्याचं लक्ष पुन्हा ढगाकडे गेलं होतं, आणि तो ढग त्याला अजिबात आवडत नव्हता.

तळ्याकाठी गाड्या उभ्या करायला सपाट जागा केलेली होती. मोसम संपत आल्यामुळे दुसरं कुणी नव्हतं. एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला दगडगोट्यांचा उतार थेट खालच्या ओढ्यापर्यंत. धाकट्याला गाडी मागच्या झाडांच्या आडोशाला लावायची होती. अण्णांना तोंडासमोर तळं हवं होतं. गाडी तळ्याच्या तोंडाशी लागली, हे वेगळं सांगायला नको.

छत बांधायला तिघे बापलेक लागले. अण्णांनी दोर ओवला, थोरल्याने गाठी मारल्या, धाकट्याने बाहेरच्या खुंट्या ठोकल्या. बांधून ताणलं तेव्हा थोरलीच्याही तोंडून वा निघून गेलं. एवढ्या मोठ्या कापडावर एक सुरकुती नव्हती. ते तिनेच कापलं होतं. काठ ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यावर अगदी सरळ धरायला सांग, असा निरोप अण्णांनी पाठवला होता आणि तिने तो तसाच धरला होता. अण्णा छताखाली खुर्ची टाकून बसले आणि त्यांनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते पाहून थोरलीला नवऱ्याची दया आली. या चेहऱ्याला तो नको म्हणणार होता.

आत्यांचा गुडघा घाटातच धरला होता. त्या आत बाकावर आडव्या झाल्या. थोरली शेगडीशी चहा करत होती.

“तिलाही बोलव,” अण्णांचा आवाज आला. खिडकी उघडीच होती.

“चहा घेऊन ये गं,” थोरल्याने निरोप पोचवला.

ती ट्रेमध्ये कप मांडत होती तेवढ्यात तळं काळं पडलं. ऊन कुणी बटण दाबून बंद करावं तसं गेलं. पहिल्या गारा टपावर ताडताड वाजल्या आणि त्यांच्यामागोमाग वारा आला. त्याने पहिल्याच झपाट्याला बाहेरच्या दोन्ही खुंट्या उपटल्या. छत खालून उचललं गेलं आणि उलटं होऊन टपावर येऊन पडलं. एका काठाने ते दांडीला घट्ट बांधलेलं, बाकी सगळं मोकळं. वारा आत शिरला की ते फुगायचं आणि गाडीला उताराकडे खेचायचं. दुसऱ्या झपाट्याला थोरलीच्या पायाखालची फरशी तिरकी झाली. कप घरंगळून फुटले. तळ्याकडची चाकं जमिनीवरून उचलली जाऊन परत आपटली, तेव्हा दणका तिच्या माकडहाडापर्यंत बसला. तिने आधी शेगडी बंद केली, मग दार ढकललं. दार वाऱ्याच्याच बाजूला होतं. ते बोटभरही हलेना, आणि हललं असतं तरी आत्यांना उठता येत नव्हतं.

खिडकीतून तिला तिघे दिसले. अण्णा पुढच्या टोकाला खुर्चीवर उभे होते. धाकट्याने त्यांची खुर्ची आणि त्यांना, दोघांनाही धरलं होतं. थोरला मागच्या शिडीवर होता. तोंडं वर करून, गारा खात, ते भिजून फुगलेल्या दोराच्या गाठी सोडत होते. दोराच्या आत तार होती, तो सुरीने तुटण्यातला नव्हता हे खरं. पण कापड कापण्यासारखं होतं, आणि तो विचार त्यांतल्या एकाच्याही मनाला शिवला नव्हता. शिवलेलं कापायचं नाही, हा अण्णांचा कारखान्यातला पहिला नियम. चुकलं तर टीप उसवायची, टाक्यामागून टाका, दिवस गेला तरी चालेल. गाठ बसली तर नखांनी सोडायची. या नियमाने हात चांगले तयार होत, हे थोरलीलाही मान्य होतं. पण इथे गाडी उलटायला आली होती, आत एक म्हातारी आणि एक बायको अडकली होती, आणि हे तिघे जण नखांनी गाठी सोडत होते. दुसऱ्या कुठल्याही घरात असं झालं नसतं.

तिने काचेवर हात आपटून ओरडून सांगितलं, कापा. गारांपुढे काही ऐकू जाईना.

“काय करतायत गं ते?” आत्यांनी बाकाचा काठ धरून विचारलं.

“गाठी सोडतायत.”

 “वाटलंच मला,” आत्या म्हणाल्या.

थोरलीने पाव कापायची दातेरी सुरी घेतली, टेबलावर चढली आणि टपाची खिडकी वर ढकलली. गारांचा मारा तोंडावर आला. कापड तिच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होतं, दांडीपासून ताणलेलं, थरथरतं. आता सुरी लावायची आणि तिचा हात चालेना. त्या टिपा अण्णांनी चष्मा बदलून बदलून मारल्या होत्या. संध्याकाळी दिवा जवळ ओढून बसलेले अण्णा तिने रोज पाहिले होते. तिने खाली आत्यांकडे पाहिलं. कारखान्याचं पहिलं यंत्र अण्णांच्या जोडीने आत्यांनी चालवलं होतं. नियम तेव्हाचाच.

आत्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. “मला काही दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “माझा चष्मा कुठेतरी पडलाय.” चष्मा त्यांच्या नाकावर होता.

थोरलीने काठाच्या टिपेच्या आत बोट फिरवून ताण्याचा धागा चाचपला आणि त्यावर सुरी टेकवली. पात्याने थोडेसे धागे घेतले, तेवढं पुरलं. ताणलेल्या कॅनव्हासला सुरुवात करून दिली की तो आपल्या धाग्यावरून आपणच फाटत जातो. उरलेलं काम वाऱ्याने केलं. दोन्ही बाजूंना लांबलचक चर्र आवाज गेला, गाडी धाडकन चारी चाकांवर बसली, आणि अण्णांचं छत उतारावरून ओढ्यापलीकडे उडत जाऊन गारांमध्ये दिसेनासं झालं. ती टेबलावरून उतरली आणि तिथेच फुटक्या कपांत बसून राहिली. तिला हुंदका आला, तो भीतीचा होता की छताचा, तिला सांगता आलं नसतं.

थोड्या वेळाने ऊन पडलं. इतकं छान, स्वच्छ ऊन की चीड यावी. जमिनीवर गारांचा खच चकाकत होता. दार उघडल्यावर थोरला आत आला, तिचे दोन्ही हात हातात घेऊन त्याने उलटसुलट बघितले आणि तो फुटके कप वेचायला लागला. धाकट्याने आत्यांना धरून बाहेर आणून बसवलं. आता संध्याकाळपर्यंत आकाश स्वच्छ राहील, असं तो बोलून गेला आणि कुणी हसलं नाही. सकाळचा अंदाज त्याने खरा करून दाखवला होता, पण त्याचा आनंद त्याच्या तोंडावर औषधालाही नव्हता.

अण्णा गाडीच्या कडेने चालत होते. दांडीला चार बोटं रुंदीची पट्टी तेवढी उरली होती, एकूण एक गाठ शाबूत. त्यांनी हात वर करून धाग्याबरहुकूम सरळ तुटलेल्या काठावरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ओल्या खुर्चीत येऊन बसले. थोरलीने पुन्हा चहा केला होता. कप उरले नव्हते म्हणून तो पेल्यांतून दिला. ती आत्यांच्या शेजारी टेकली. तळ्याच्या पाण्यावर एवढीशी लाट नव्हती.

“कोणी कापलं?” अण्णांनी विचारलं. आवाज चढा नव्हता. चढा असता तर बरं झालं असतं.

“मी,” थोरला म्हणाला.

त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो शिडीवर होता, गारांत अण्णांना काही दिसलेलं नव्हतं, त्याचं कुणालाही खरं वाटलं असतं. अण्णांचा राग तिच्यावर येऊ नये म्हणून तो त्याने आपल्या अंगावर घेतला होता, इतक्या सहज की जणू तिच्या हातातली पिशवी घेतली. थोरलीला त्याचं प्रेम कळलं आणि तिचा ऊर भरून आला. आणि त्याच वेळी हेही कळलं की आता आपण गप्प बसलो तर कायमचं गप्प बसायचं. आजवर तिने कापलेलं सगळं असंच कुणाच्या ना कुणाच्या नावावर गेलं होतं. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज वाटलं.

“नाही,” ती म्हणाली. “मी कापलं. टपाच्या खिडकीतून. आत्या होत्या तिथे.”

सगळ्यांनी आत्यांकडे पाहिलं. भावाच्या शब्दाबाहेर आत्या कधी गेलेल्या कुणाला आठवत नव्हत्या. घरात दोन तट पडले की त्या कुठल्या तटाला असतील हे न विचारताच कळायचं. त्यांनी चहाचा एक घोट घेतला.

“मला दिसलं नाही,” त्या म्हणाल्या. “ऐकलं मात्र. हिने कापलं नसतं तर आत्ता तू त्या ओढ्यात मला हुडकत बसला असतास. आणि मी सापडल्यावरसुद्धा तू आधी माझ्या गाठी सोडल्या असत्यास.”

अण्णांना ते लागलं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि थोरल्याला विचारलं, की मग तू खोटं कशाला बोललास. थोरल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. इतके दिवस घशात अडकलेलं एकदाचं सुटलं.

“अण्णा, मला कारखाना नकोय.”

मग तो बोलतच राहिला. पाठीचं सांगितलं, विद्यालयातल्या जागेचं सांगितलं, मुलांना शिकवायला आपल्याला आवडेल असं सांगितलं. मधेच म्हणाला की तुम्ही मागे उभे राहिलात की अजूनही माझी टीप वाकडी जाते. केस पांढरे व्हायला लागलेल्या माणसाने हे सांगावं, याची त्याला लाज वाटत होती, तरी त्याने सांगितलं. थोरली ऐकत होती आणि तिला त्याचा अभिमान वाटत होता. पण प्रत्येक वाक्याबरोबर तिचं टेबल तिच्यापासून लांब चाललं होतं.

 त्याचं झाल्यावर अण्णांनी धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने दोन्ही हात वर केले. मला सरळ रेघसुद्धा मारता येत नाही, हे तुम्हीच मला शाळेत असताना सांगितलंय, तो म्हणाला.

“मग संपलं,” अण्णा म्हणाले.

ते त्यांनी कुणाला दोष देत म्हटलं नाही. नुसतं म्हटलं, आणि त्या दोन शब्दांत ते एकदम म्हातारे दिसायला लागले. गाठी सोडताना बोटांच्या पेरांवरचं कातडं सोलवटलं होतं, ते हात त्यांनी मांडीवर पालथे घालून ठेवले. थोरलीला वाटलं, आता सांगावं. पण सांगणं म्हणजे मागणं, आणि या माणसापुढे या वेळी हात पसरणं तिला जमेना. 

“वहिनीला विचारा की,” धाकटा म्हणाला.

अण्णांनी मान वर केली. विचार त्यांना नवाच होता, हे चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. त्यांनी वर दांडीकडे पाहिलं, त्या उरलेल्या पट्टीच्या काठाकडे, आणि बराच वेळ पाहिलं. मग सवयीने थोरल्याकडे वळले.

“तिला विचार,” ते म्हणाले, “तिला जमेल का म्हणावं.”

थोरला सवयीने बायकोकडे वळला. त्याचं तोंड उघडलं होतं. तिच्या चेहऱ्यावर त्याला काय दिसलं कोण जाणे, पण तो थांबला. कारखाना म्हटल्यावर तिने महिनाभर दिलेली तुटक उत्तरं, सुटका शब्दावर तिचं पाठ फिरवणं, हे सगळं त्याला आत्ता, या ओल्या खुर्चीत बसून एकदम उमगलं असावं. त्याने तोंड मिटलं.

“ती इथेच बसलीये, अण्णा,” तो म्हणाला. “तुम्हीच विचारा.”

आत्यांनी पेला ओठांशी नेला होता, तो तिथेच राहिला. अण्णा खुर्चीत वळले. सुनेकडे तोंड करून बसायला त्यांना खुर्ची थोडी उचलून फिरवावी लागली. सुरुवात कशी करावी हे त्यांना कळत नव्हतं. तिला काय म्हणून हाक मारायची, इथपासून अडचण होती.

“तू,” ते म्हणाले आणि थांबले. “तुला हवाय का कारखाना?”

हो म्हणायला तिला श्वासाचाही वेळ लागला नसता. पण सकाळी शटर उघडणारे अण्णा तिला दिसले. यंत्रांच्या मागून फेऱ्या मारणारे, प्रत्येक टिपेवर वाकणारे, कुणाला काही न बोलता सगळ्यांचे हात जड करणारे अण्णा. मुलाची पाठ नुसत्या वाकण्याने गेली नव्हती. हो म्हणून ती त्याच जागी जाऊन उभी राहिली असती, फक्त आता निरोप सांगायला मधे कुणी नसतं.

“हवाय,” ती म्हणाली. “पण मग तुम्ही सकाळी यायचं नाही.”

 थोरला बायकोकडे बघतच राहिला. दोन्ही मुलांना जन्मात जे बोलता आलं नव्हतं ते ती चहाचा पेला हातात धरून बोलली होती. तिने अण्णांवरची नजर काढली नाही.

अण्णा तळ्याकडे बघत होते. ऊन आता तिरपं झालं होतं आणि गारा वितळून पायांशी पाणी झालं होतं. आजवर त्यांनी कुणाला परवानगी विचारली नव्हती, त्यामुळे विचारताना आवाज कसा ठेवतात हे त्यांना माहीत नव्हतं.

“दुपारी?” त्यांनी विचारलं.

तिला वाटलं, उठून त्यांचे सोललेले हात हातात घ्यावेत आणि म्हणावं, या, कधीही या, तुमचाच आहे कारखाना. ते ओठांवर आलंच होतं. पण आज तसं म्हटलं तर उद्या दुपार सकाळी सुरू होईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“दुपारी चालेल,” ती म्हणाली. “येण्याआधी मला फोन करत जा.”

अण्णांनी मान हलवली. मग त्यांनी शर्टाच्या खिशातून फोन काढला, पँटला घासून कोरडा केला आणि तिच्यापुढे धरला.

“यात तुझा नंबर घालून दे,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत तो त्यांना कधी लागलाच नव्हता.